बँकेचे ‘संरक्षण’ आणि आपला संकोच

(मंडळाच्या भीमजयंती समारंभात केलेले भाषण)



जयंतीच्या व्यासपीठावर डॉक्टर उभा राहिला की तो रक्तदाब आणि मधुमेह यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. गेली कित्येक वर्षे मीही त्या अपेक्षेला जागत आलो आहे. आज मात्र मी बँकेच्या एका आकाराविषयी बोलणार आहे. खात्यात पुरेशी शिल्लक नसताना एखादा खर्च बँक आपल्या वतीने भागवते आणि त्याबद्दल आपल्याकडून रक्कम कापून घेते. या व्यवस्थेला ‘ओव्हरड्राफ्ट प्रोटेक्शन’ असे गोंडस नाव आहे. प्रोटेक्शन म्हणजे संरक्षण. कोणाचे, ते पुढे पाहू.

विषय क्षुल्लक वाटेल. ज्या महापुरुषाने १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि पुढे हिल्टन यंग आयोगासमोर भारतीय चलनाविषयी साक्ष दिली, त्याच्या जयंतीदिनी पस्तीस डॉलरच्या आकाराचे कसले पुराण सांगता, असे कोणी म्हणेल. परंतु रुपयाचे मूल्य घसरते तेव्हा नफा कोणाच्या पदरात पडतो आणि मजुरीतील घट कोणाच्या ताटात दिसते, हा प्रश्न बाबासाहेबांनीच विचारला होता. तोच प्रश्न मी बँकेच्या एका खातेपत्रकाला विचारणार आहे. ते खातेपत्रक माझ्या खिशात आहे. माझे नाही. ज्याचे आहे त्याने ते मला स्वखुशीने दिले, आणि नाव न सांगता त्याची हकीकत सांगण्याची परवानगीही दिली.

गोष्ट २००८ सालच्या डिसेंबरातली. त्या वर्षी मी मंडळाचा खजिनदार होतो. महापरिनिर्वाण दिनाच्या अभिवादन सभेला, म्हणजे शनिवारी ६ डिसेंबरला, विदर्भातून नुकताच आलेला एक विद्यार्थी प्रथमच आला. घराण्यातला पहिला पदवीधर, पहिला परदेशी गेलेला, आणि मला वाटते, चेकबुक वापरणाराही पहिलाच. वर्गणीची यादी फिरत फिरत त्याच्यापाशी आली तेव्हा त्याने मागेपुढे न पाहता एक्कावन्न डॉलरचा धनादेश लिहून दिला. त्याच्या आधी यादीत माझे नाव होते, आणि माझा आकडा ठळक होता. तो पाहून त्याने आपला आकडा लिहिला असावा, हे मला त्या वेळी सुचले नाही.

सोमवारी मी तो धनादेश मंडळाच्या खात्यात भरला. गुरुवारी तो न वटता परत आला, आणि आमच्या बँकेने परत आलेल्या धनादेशाबद्दल मंडळाच्याच खात्यातून बारा डॉलर कापले. मी त्याला दूरध्वनी केला. काय बोललो ते मला अक्षरशः आठवते, कारण त्यानंतर ते मी अनेकदा स्वतःला ऐकवले आहे. “अरे, तुझा चेक परत आला. खात्यात पैसे नसतील तर माणसाने लिहून देऊ नये. मंडळाला बारा डॉलरचा भुर्दंड बसला.” पलीकडून एवढेच आले, “हो सर. चूक झाली सर.” चार दिवसांनी माझ्या इस्पितळाच्या स्वागतकक्षात माझ्या नावाचे एक पाकीट ठेवलेले मिळाले. आत त्रेसष्ट डॉलर रोख होते. एक्कावन्न अधिक बारा. हिशेब चोख होता. मी खजिनदाराच्या समाधानाने पावती फाडली. तो मुलगा त्यानंतर सहा वर्षे आपल्या एकाही कार्यक्रमाला आला नाही, आणि तो का येत नाही हे आम्हां कोणालाही विचारावेसे वाटले नाही.

२०१५ च्या जयंतीला तो पत्नी व मुलीसह आला. तोवर नोकरीत स्थिरावला होता. जेवणानंतर त्याने मला बाजूला घेऊन हा कागद दाखवला, तेव्हा मला सर्व प्रकार समजला. तो मी सावकाश सांगतो, कारण या विषयाचे सारे मर्म त्या पाच-सहा ओळींत आहे.

सभेच्या आदल्या दिवशी त्याने यंत्रावर शिल्लक पाहिली होती: ६१५ डॉलर. घरभाड्याचा ६१० डॉलरचा धनादेश त्याने एक तारखेलाच दिला होता, आणि तो एव्हाना वटला असेल अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात घरमालकाने तो खिशात ठेवला होता. त्या दोन-तीन दिवसांत विद्यार्थ्याने कार्डावर चार किरकोळ खर्च केले: सहा डॉलर, अकरा, अठरा आणि पंचवीस. त्यावर आमचे एक्कावन्न. मग घरमालकालाही नेमका त्याच सोमवारी मुहूर्त सापडला.

आता पाहा. खर्च ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने ते खात्यावर मांडले असते, तर चार किरकोळ रकमा आणि आमची वर्गणी सुखरूप भागली असती, केवळ भाडे कमी पडले असते, आणि आकार एकच लागला असता: ३५ डॉलर. परंतु बँकेच्या संगणकाने त्या रात्री सर्व रकमा गोळा केल्या आणि सर्वांत मोठी प्रथम, मग त्याहून लहान, अशा उतरत्या क्रमाने मांडल्या. भाडे आधी गेले. उरले पाच डॉलर. मग आमचा धनादेश आला. तो नाकारला, आकार ३५. मग पंचवीस, अठरा, अकरा, सहा. कार्डाचे व्यवहार आधीच मंजूर झालेले असल्याने ते भागवले, आणि प्रत्येकी ३५. सहा डॉलरच्या न्याहारीवर पस्तीस डॉलर! एका रात्रीत पाच आकार, १७५ डॉलर. खाते उणे २३०. पाच दिवस उणे राहिले म्हणून आणखी ३५. महिनाअखेरीस विद्यावेतन जमा झाले, त्यातून बँकेने प्रथम आपले २६५ वळते करून घेतले, आणि त्यामुळे जानेवारीचे भाडे पुन्हा कमी पडले. हे चक्र मार्चपर्यंत चालले. मला पाठवलेले त्रेसष्ट डॉलर त्याने खोलीतल्या सोबत्याकडून उसने घेतले होते.

बँकांचा यावर एक युक्तिवाद असे. मोठी रक्कम बहुधा महत्त्वाची असते, घरभाडे असते, गृहकर्जाचा हप्ता असतो. ती आधी भागावी यात ग्राहकाचे हितच आहे. ऐकायला ठीक आहे. परंतु कार्डाच्या लहान रकमाही बँक भागवतच होती. मग क्रम उलटा करून ग्राहकाच्या पदरात जास्तीच्या आकारांखेरीज काय पडले? हाच प्रश्न न्यायालयांतही गेला. २०१० साली कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायाधीश विल्यम ऑलसप यांनी वेल्स फार्गो बँकेला याच उतरत्या क्रमाबद्दल सुमारे २० कोटी ३० लाख डॉलर ग्राहकांना परत देण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी बँक ऑफ अमेरिकाने अशाच दाव्यात ४१ कोटी डॉलरची तडजोड केली. आमच्या विद्यार्थ्याची बँक कोणती होती ते मी सांगणार नाही. तिला यातले काही द्यावे लागले नाही.

आपल्या आजोबा-पणजोबांना सावकाराची सवाई आणि दिढी ठाऊक होती. पेरणीला एक पायली ज्वारी उचलायची आणि सुगीला सव्वा किंवा दीड पायली परत घालायची. त्या पद्धतीने घरेच्या घरे गहाण पडली. आता येथील हिशेब ऐका. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या सरकारी कार्यालयाने २०१४ साली बँकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे आढळले की डेबिट कार्डावर ज्या व्यवहारांना हा आकार लागतो त्यांतले निम्म्याहून अधिक २४ डॉलर किंवा त्याहून कमी रकमेचे असतात. त्या वेळी आकार साधारण ३४ डॉलर असे, आणि बहुतेक लोक तीन दिवसांत खाते पूर्ववत करत. चोवीस उचलले, तीन दिवसांनी अठ्ठावन्न भरले. ही सवाई नव्हे, दिढीही नव्हे, ही जवळजवळ अडीचपट झाली, आणि तीही सुगीपर्यंत नव्हे, तीन दिवसांत. वर्षाच्या व्याजदरात मांडले तर सतरा हजार टक्क्यांहून अधिक. परंतु कायद्याच्या भाषेत हा आकार व्याज मानला जात नाही, म्हणून तो कर्जाच्या कागदावर दिसत नाही. सावकार निदान वही तरी उघडून दाखवी.

त्याच कार्यालयाने २०१७ साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. वर्षात दहापेक्षा अधिक वेळा हा प्रसंग येतो अशी खाती एकूण खात्यांच्या सुमारे ९ टक्के. परंतु या प्रकारच्या आकारांचा ७९ टक्के भार तीच खाती उचलतात. ज्याच्यापाशी सर्वांत कमी, त्याच्याकडून सर्वांत जास्त. ही रचना आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको.

आता कायद्यात काय बदलले ते थोडक्यात सांगतो. २०१० साली, नव्या खात्यांसाठी १ जुलैपासून आणि जुन्या खात्यांसाठी १५ ऑगस्टपासून (तारीख योगायोगाची!), फेडरल रिझर्व्हचा असा नियम लागू झाला की रोकड देणारे यंत्र आणि कार्डावरील एकेकटी खरेदी यांवर हा आकार लावण्यापूर्वी बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घेतली पाहिजे. संमती नसेल तर कार्ड नुसते नाकारले जाते, आकार लागत नाही. धनादेश आणि दरमहा आपोआप वळत्या होणाऱ्या रकमा मात्र या नियमाबाहेर आहेत, हे ध्यानात ठेवा. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये मोठ्या बँकांच्या आकाराला पाच डॉलरच्या आसपास आणणारा नियम जाहीर झाला, पण तो अमलात येण्यापूर्वीच काँग्रेसने ठराव करून रद्द केला आणि मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यावर स्वाक्षरी केली. दरम्यान काही बँका स्वतःहून शहाण्या झाल्या. कॅपिटल वन आणि सिटी यांनी २०२२ मध्ये हा आकार बंद केला. बँक ऑफ अमेरिकाने त्याच वर्षी तो ३५ वरून १० डॉलरवर आणला. म्हणजे आज सारे काही आपण कोणत्या बँकेच्या दारात उभे आहोत आणि कोणत्या कागदावर सही केली आहे यावर अवलंबून आहे.

त्या सहीकडे आता येतो, कारण मला खरे बोलायचे आहे ते येथेच. खाते उघडताना बँकेतील कर्मचारी अत्यंत सौजन्याने विचारतो: दुकानात सर्वांसमोर तुमचे कार्ड नाकारले गेले तर तुम्हांला अवघडल्यासारखे होईल ना? मग हे संरक्षण घेऊन ठेवा. प्रश्न साधा आहे. कोणालाही अवघडल्यासारखे होईल. परंतु ज्यांच्या आई-बापांनी पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर, हॉटेलच्या कपबशीत नकार सोसला, त्यांना चारचौघांतला नकार किती खोल लागतो हे त्या कर्मचाऱ्याला ठाऊक नसते, आणि आपल्यालाही त्या क्षणी ते उमगत नाही. आपण सही करतो. पस्तीस डॉलर देऊन आपण न्याहारी विकत घेत नाही. चारचौघांत नकार न मिळण्याची हमी विकत घेतो. मीही १९९६ साली या देशात आलो तेव्हा अशीच सही केली होती, आणि ती केल्याचा मला अभिमान वाटला होता. आपल्याकडे ‘ओडी’ मिळते ती पेढीवाल्या व्यापाऱ्याला. बँकेने आपली पत ओळखली, अशी माझी समजूत झाली. भारतातील ओव्हरड्राफ्टला आधी मंजुरी असते, मर्यादा असते, आणि वापरल्या रकमेवर व्याज असते. येथल्या या प्रकाराला दर वेळचा ठोक दंड असतो. नाव तेच, पदार्थ वेगळा.

संकोचाची दुसरी बाजू त्याहून कठीण. त्या विद्यार्थ्याने मला काहीच का सांगितले नाही? मी २०१५ मध्ये त्याला हे विचारले. त्याचे उत्तर ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. भारतात धनादेश न वटणे हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या १३८ व्या कलमान्वये गुन्हा आहे, हे त्याने ऐकलेले होते. त्याच्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाला त्या पायी न्यायालयाच्या खेपा घालाव्या लागल्या होत्या. माझा दूरध्वनी गेला तेव्हा त्याला वाटले की आपण या देशात गुन्हा केला, आता मंडळ तक्रार करील, व्हिसा जाईल. चार महिने तो मुलगा दारावर थाप पडली की दचकत होता. वस्तुतः ते कलम देण्याच्या धनादेशाला लागू होते, देणगीच्या नव्हे. आणि येथेही फसवणुकीचा हेतू नसेल तर अशा चुकीला कोणी गुन्हा मानत नाही. एका वाक्यात सांगता आले असते. परंतु वाक्य सांगण्याऐवजी मी बारा डॉलर मागितले.

माझ्या व्यवसायात एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवतात. रुग्ण खरे दुखणे प्रथम सांगत नाही. खोकला सांगतो, गुडघा सांगतो, आणि उठून दाराशी गेल्यावर म्हणतो, “डॉक्टर, छातीत जरा दडपल्यासारखे होते.” म्हणून विचारायचे. “गोळ्या रोज घेता का?” असे नव्हे, “या महिन्यात गोळ्या घ्यायला पैसे पुरले का?” असे विचारायचे. हा प्रश्न मी दिवसातून दहा वेळा परक्यांना विचारतो. त्या दिवशी आपल्याच मुलाला मला तो सुचला नाही.

तेव्हा आता कामाचे बोलू. ज्यांनी ती संमती दिली आहे त्यांनी ती मागे घ्यावी. केव्हाही घेता येते, एक दूरध्वनी पुरतो. कार्ड नाकारले गेले तर जाऊ द्या, काउंटरवरची पिशवी तिथेच ठेवून घरी या. धनादेश आणि हप्त्यांसाठी स्वतःचे बचत खाते चालू खात्याला जोडून घ्या. कमी पडेल ती रक्कम तिकडून येते, आणि त्याचा आकार एक तर नसतो किंवा अल्प असतो. ज्यांना खरोखर कर्जाऊ सोय हवी असेल त्यांनी व्याजाची सोय मागावी, ठोक दंडाची नव्हे. फेडरल क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्याकडील पतपेढीची येथली बहीण, साध्या कर्जावर १८ टक्क्यांपेक्षा अधिक व्याज घेऊ शकत नाही. अनेक शहरांत ‘बँक ऑन’ प्रमाणपत्राची खाती मिळतात. त्यांत हा आकार मुळातच नसतो. विद्यार्थ्यांनी खाते उघडताना नेमका तोच शब्द उच्चारावा.

गावी पैसे पाठवणाऱ्यांनी, म्हणजे आपण सर्वांनीच, एका गोष्टीस जपावे. नागपूरहून रात्री निरोप येतो की आईला दवाखान्यात भरती केले आहे. आपण लगेच मोबाइलवरून रक्कम पाठवतो. तिकडे ती पोहोचतेही. परंतु पाठवणारी कंपनी आपल्या खात्यातून ती एक-दोन दिवसांनी ओढून घेते. तोवर गेलेले पैसे शिल्लकेत तसेच दिसत राहतात, आणि आपण त्यांवर किराणा आणतो. पाठवलेली रक्कम कागदाच्या चिठोऱ्यावर त्याच क्षणी वजा करून टाकावी. पेट्रोलपंप आणि हॉटेले यांचे उलटे असते. ती खर्चापेक्षा मोठी रक्कम काही काळ अडवून ठेवतात.

आकार लागलाच, तर बँकेला दूरध्वनी करा आणि तो रद्द करा म्हणून सांगा. पहिल्या वेळी पुष्कळदा करतात. हे सांगताना आवाज खाली नको आणि वरही नको. ‘मेहेरबानी’ हा शब्द नको. व्यवहाराची तारीख, रक्कम, आणि ‘हा आकार परत करावा’ एवढे पुरे. कर्मचाऱ्याने नाही म्हटले तर त्याच्या वरिष्ठाला मागा. आपण दान मागत नसतो.

खाते उणे टाकून पळून जाऊ नये. बँक ते बुडीत धरते आणि चेक्ससिस्टिम्ससारख्या संस्थेकडे नाव कळवते; ती नोंद साधारण पाच वर्षे राहते, आणि तोवर दुसरी बँक दारात उभे करत नाही. मग पगाराचा धनादेश वटवायलाही दुकानदाराला टक्केवारी द्यावी लागते. बँकांवर राग धरून त्यांच्यापासून दूर राहण्याचा मोह मी समजू शकतो. या देशातील कृष्णवर्णीय बांधवांना तो अनुभव आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी १८६५ साली फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक स्थापन झाली आणि १८७४ साली बुडाली. अखेरच्या काही महिन्यांत फ्रेडरिक डग्लस यांना तिचे अध्यक्ष नेमले होते, पण तोवर आतून सारे पोखरले गेले होते. कष्टाची पै-पै ठेवलेल्या हजारो खातेदारांचे नुकसान झाले. तो अविश्वास पिढ्यान्‌पिढ्या टिकला, आणि बँकेबाहेर राहण्याची किंमतही त्या पिढ्यांनीच मोजली.

तथागतांनी दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला संसारी माणसाच्या सुखाचे चार मार्ग सांगितले, त्यांत एक ‘समजीविता’ आहे: तराजू धरणाऱ्याप्रमाणे आपली आवक आणि जावक जाणून जगणे. आणि अनाथपिंडिकाला गृहस्थाची सुखे सांगताना त्यांनी ऋण नसण्याच्या सुखाला वेगळे नाव दिले, ‘अनणसुख’. हे मी उपदेश म्हणून सांगत नाही. तराजू धरायला पारड्यात काय पडते ते दिसावे लागते. उतरत्या क्रमाने रात्रीच्या अंधारात मांडलेल्या हिशेबात ते त्या मुलाला दिसले नव्हते, आणि मी खजिनदार असून मलाही दिसले नव्हते.

कार्यकारिणीपुढे मी काही सूचना ठेवल्या होत्या, त्या या वर्षी मान्य झाल्या आहेत. वर्गणीची यादी यापुढे सभेत फिरणार नाही. बंद पाकिटे ठेवली जातील आणि त्यांवर आकडा लिहिला जाणार नाही. विद्यार्थ्यांकडून वर्गणी घेतली जाणार नाही. आणि परत आलेल्या धनादेशाचा आकार मंडळ सोसील. खजिनदाराने दूरध्वनी करायचाच असेल तर प्रथम प्रकृती विचारावी.

आता जेवणाची वेळ झाली आहे. जेवणानंतर डावीकडच्या लहान खोलीत मी आणि बँकेत नोकरी करणाऱ्या आपल्या एक भगिनी बसणार आहोत. ज्यांना आपले खातेपत्रक दाखवायचे असेल त्यांनी एकेकाने यावे. दार लावून घेतले जाईल. हा कागद ज्याचा आहे तोही आज येथे आहे, आणि दूरध्वनीवर बँकेशी कसे बोलावे हे तो माझ्यापेक्षा चांगले दाखवील.

जय भीम.